शेवटचं भाषण कोणाचं?

परवा रविवारी दुपारी घरी '२०० - हल्ला हो' पुन्हा एकदा लावला होता. २०२१ साली आलेला हा हिंदी चित्रपट. नागपूरकरांना ती गोष्ट सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. कस्तुरबा नगर ही आमच्याकडची वस्ती. तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहाएक वर्षं उच्छाद मांडला होता. खून, खंडणी, बलात्कार. तक्रार करायला जाणाऱ्या बाईचं ऐकायलाच कोणी नसायचं. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणलं, आता हा पुन्हा सुटणार अशी कुणकुण होती, आणि भर दिवसा न्यायालयातच वस्तीतल्या बायांच्या जमावाने त्याला ठार मारलं. तिखटाची पूड, घरातल्या सुऱ्या. काही जणींना अटक झाली तेव्हा बाकीच्या पुढे येऊन म्हणाल्या, आम्हालाही पकडा. खटला दहा वर्षं रेंगाळला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. त्यात पुरुषही होते. म्हणजे कोणी नेमकं काय केलं, हे कायद्याच्या कागदावर कधी आलंच नाही.

तर चित्रपट चालू होता आणि आमच्या कामाच्या मावशी केर काढत होत्या. न्यायालयातला प्रसंग आला तसा झाडू हातात धरून उभ्याच राहिल्या. पडद्यावर अमोल पालेकर बोलत होते. निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे. काय सुंदर काम केलंय हो त्यांनी, त्याबद्दल वादच नाही. मावशींनी जरा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या,

"ताई, केलं तर बायांनी न? मंग हे बाबाजी काहून बोलून राहिले?"

मी काहीतरी सांगायला लागले. अहो, ते कायदा जाणतात, दलित समाजातून वर आलेत, त्यांच्या मनातला बदल दाखवायचाय... सांगता सांगता मलाच ते पटेना. कारण त्याच चित्रपटात रिंकू राजगुरू आहे. 'सैराट'ची आर्ची, इथे वस्तीत परत आलेली आशा. शिकलेली, तडफदार, आणि तिला बोलता येतं. तरी मोठं भाषण डांगळेसाहेबांच्या वाट्याला.

तेव्हापासून डोक्यात हाच किडा वळवळतोय. 'सशक्त स्त्री' असलेले म्हणून जे चित्रपट आपण कौतुकाने पाहतो, त्यात शेवटचं कोण बोलतं? २०१६ चा 'पिंक' आठवा. तीन मुली सगळं सोसतात, उभ्याही राहतात, पण बाईच्या 'नाही'चा अर्थ आपल्याला समजावतात ते अमिताभ बच्चन. टाळ्याही त्यांनाच.

हे आजचं नाही. १९३७ चा प्रभातचा 'कुंकू' घ्या. ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट' ही कादंबरी, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपट्यांची ती नीरा पाहताना आजही अंगावर काटा येतो. नव्वद वर्षं होत आली, विचार करा! पण सुटका कशी होते? म्हाताऱ्याला उपरती होते, तो तिच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवतो आणि जीव देतो. नीराचा नकार खणखणीत, पण कुलूप उघडलं ते त्यानेच. त्या काळात हेसुद्धा फार होतं, हे मान्य.

याच्या अगदी उलट 'उंबरठा'. १९८२, जब्बार पटेल. (त्यातली गाणी लिहिणारे सुरेश भट आमचे, रेशीमबागेतलं सभागृह त्यांच्याच नावाचं. नागपूरकर म्हणून एवढं मिरवू द्या.) मी तो लहानपणी दूरदर्शनवर पाहिला आणि काही म्हणता काही कळलं नाही. ही बाई एवढं चांगलं घर आणि लहान मुलगी सोडून त्या महिलाश्रमात कशाला जाते, म्हणून मला तिचा रागच आला होता. आई मात्र पदराने डोळे पुसत होती. तेव्हा वाटलं, मुलीसाठी रडतेय. स्मिता पाटीलची सुलभा तिथे काही जिंकत नाही. आश्रमातला भ्रष्टाचार तिला पुरून उरतो. राजीनामा देऊन घरी येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी कोणी. ती परत निघते. तिच्या वतीने कोणी भाषण करत नाही, कोणी चिठ्ठी लिहीत नाही. मूळ कादंबरी 'बेघर' शांता निसळ यांची, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

२०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' मला याच कारणासाठी आवडतो. लग्नाच्या टेबलावर नवरा माफी मागायला लागतो, की माझ्या बायकोचं इंग्रजी तितकंसं चांगलं नाही. आणि लाडू करणारी शशी गोडबोले त्याला थांबवून स्वतः उठते. मोडकंतोडकं का होईना, स्वतःचं बोलते. गौरी शिंदेला हे सुचलं ते पुण्यात घरी लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईवरून.

कस्तुरबा नगरची तुलना लाडवांशी कशी करता, असं कोणी म्हणेल. करत नाही. उलट मला त्या खुनाचा जयजयकार करायचा नाहीच. न्यायालयात माणूस मारला जातो तेव्हा सगळ्यांचंच काहीतरी हरलेलं असतं. पण पडद्यावर नेमकी तीच पाच-दहा मिनिटं शिट्ट्या घेतात. त्याआधी तक्रार करायला पहिल्यांदा घराबाहेर पडलेली बाई, घरी परत आल्यावर दाराला आतून कडी लावून बसलेली बाई, तिचं काय? ती दहा वर्षं दाखवायला कंटाळवाणी असतील कदाचित. माझ्या मते सिनेमा तिथेच आहे.

आज सकाळी मावशींना '२०२२ ची 'मर्डर इन अ कोर्टरूम' ही माहितीपटांची मालिका लावून दिली. उमेश कुलकर्णींची, तीन भागांची. त्यात वस्तीतल्या बाया स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. मावशी खुर्चीवर काही बसल्या नाहीत, फरशीवरच बसल्या, आणि पूर्ण भागभर एक शब्द बोलल्या नाहीत. चहा गार झाला. उठताना म्हणाल्या,

"पुढचा उद्या लावजा ताई. एकट्याच पाहून घेऊ नका."