वेश नवा, पेच जुनाच हवा

प्राचीन ग्रीक शोकांतिका आजच्या रंगभूमीवर आणायची म्हटली की चर्चा सुरू होते ती वेशभूषेची. राजाने झगा घालावा की कोट, वृंद ठेवावा की गाळावा, हे प्रश्न गौण नव्हेत. परंतु मूळ पेच शाबूत राहतो काय, हा त्याआधीचा प्रश्न होय.

सोफोक्लिसची ‘अँटिगनी’ हे नाटक इ. स. पूर्व 441च्या सुमाराचे. पॉलिनायसिस परक्यांचे सैन्य घेऊन स्वतःच्याच थीब्ज नगरीवर चालून येतो. त्याचा भाऊ इटिओक्लिस नगरीच्या रक्षणार्थ उभा ठाकतो. दोघेही एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन हा त्यांचा सख्खा मामा. तो फर्मान काढतो : रक्षणकर्त्याला सन्मानाने मूठमाती, द्रोह्याचे प्रेत मात्र उघड्यावर. बहीण अँटिगनी राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते; देवांचे अलिखित नियम राजाच्या फर्मानाहून श्रेष्ठ आहेत, असे क्रेऑनला तोंडावर सुनावते.

मातृभूमीवर शत्रू आणणाऱ्याला शासन नको काय? अवश्य हवे. पण मृत्यूनंतरही वैर चालवण्याचा अधिकार राज्याला आहे काय? रावणवधानंतर बिभीषणाला अंत्यसंस्कार करण्यास सांगणाऱ्या श्रीरामाची कथा ज्यांनी बालपणापासून ऐकली, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

1944च्या फेब्रुवारीत, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये ज्याँ अनुई यांनी हीच कथा आधुनिक पोशाखात मांडली. त्यांनी क्रेऑनला खलपुरुष केले नाही. राज्याचे ओझे कोणीतरी वाहिलेच पाहिजे, हे त्याचे म्हणणे त्यांनी पूर्ण बळानिशी मांडले. जर्मन सेन्सॉरने प्रयोगास अनुमती दिली. अनेक प्रेक्षकांना मात्र अँटिगनीच्या नकारात प्रतिकाराचा स्वर ऐकू आला. येथवर सारे ठीक. परंतु अनुईंनी भविष्यवेत्ता टायरेसियस वगळला, दैवी नियमांचे अधिष्ठानही काढून घेतले. आपण कशासाठी मरत आहोत, हेच त्यांच्या अँटिगनीला अखेरीस उमगत नाही.

ऑथॉल फ्युगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन एन्तशोना यांचे ‘द आयलंड’ (1973) हे नाटक दक्षिण आफ्रिकेतील बेटावरच्या तुरुंगात घडते. दोन कैदी ‘अँटिगनी’ची तालीम करतात. जन्मठेपेचा कैदी स्त्रीवेशाला लाजतो. अखेर डोक्यावरचा टोप उतरवून अँटिगनीचा निर्धार स्वतःचा म्हणून उच्चारतो. त्या देशातील रॉबेन बेटाच्या तुरुंगात नेल्सन मंडेला यांनी खरोखरच क्रेऑनची भूमिका केली होती. आत्मचरित्रात त्यांनी क्रेऑनच्या आरंभीच्या बोलण्यातील शहाणपण मान्य केले आणि पुढील ताठरपणावर नेमके बोट ठेवले. कैदेत असूनही त्यांनी सत्ताधाऱ्याचा पक्ष समजून घेतला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तेव्हा रूपांतरकाराने स्थळ, काळ, वेश खुशाल बदलावेत. मात्र क्रेऑनचा युक्तिवाद दुबळा केला, तर नाटकाची घोषणा होते. अँटिगनीची श्रद्धा काढून घेतली, तर तिचा नुसता हट्ट उरतो. दोन्ही पारडी सारख्या वजनाची राहिली, तरच अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो पेच प्रेक्षक घरी घेऊन जाईल.