ब्राह्मीच्या नावावर चाललेला व्यापार

ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा ही नावे आम्ही प्रथम आजीच्या तोंडून ऐकली. त्या वनस्पतींविषयी आम्हांस आदरच आहे; म्हणूनच त्यांच्या नावावर चाललेल्या व्यापाराविरुद्ध चार कठोर शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यांच्या मुलखात तिगाव आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे तोंड एके सकाळी वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. घरात जत्रेतून आणलेली अर्काची बाटली होती. ‘वृद्धांच्या मेंदूचे कवच, अर्धांगवायूपासून निश्चित रक्षण’ असे तिच्यावर छापलेले. दुपारपर्यंत चमच्यामागून चमचा चालला. नागपूरचे रुग्णालय गाठेतो सायंकाळ झाली. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही अशी तपासणीने खात्री झाल्यावर. ती घटका बाटलीने खाल्ली. गृहस्थ वाचले, वाचा गेली.

विक्रेता म्हणतो, ‘हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे.’ सिद्ध काय झाले? उंदराची रक्तवाहिनी बंद केली, बहुधा आधीच अर्क पाजला, आणि मेंदूची हानी कमी दिसली. अशा प्रयोगांची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या व्याधीवरील १०२६ प्रायोगिक उपचारांची मोजदाद झाली. उंदराला तारणारे औषध माणसाशी गाठ पडताच निष्फळ ठरावे, हीच त्या क्षेत्राची जुनी कथा आहे. गिंको वृक्षाच्या पानांच्या अर्काची परीक्षा ३००० हून अधिक वृद्धांवर झाली. स्मृतिभ्रंश त्याने टळत नाही, असा निर्वाळा २००८ साली मिळाला.

‘हा आयुर्वेदाचा द्वेष आहे’ असा आक्षेप येईल. वास्तविक चरकाने मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस व शंखपुष्पीचा कल्क ही मेध्य रसायने सांगितली. पक्षवधाचा विचार वातव्याधीच्या अध्यायात वेगळा केला. आणि वैद्याचा वेष घेऊन फिरणाऱ्यास ‘छद्मचर’ हे नावही त्यानेच दिले. मग चरकाचा अपमान कोण करतो, आम्ही की तो बाटलीवाला?

कायदाही मुका नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या अधिनियमाच्या परिशिष्टात पक्षाघात आहे, मेंदूचे विकार आहेत, रक्तदाबही आहे. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या. तथापि अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, हेही त्याच निर्णयात स्पष्ट केले. वैद्याने रोगी तपासून औषध द्यावे, त्यास ही मनाई नाही. मनाई आहे ती भयभीत माणसाला छापील आश्वासन विकण्यास.

सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमंतापुढे व्याधिग्रस्त माणसे मोठ्या आशेने माथा टेकतात. त्या श्रद्धेशी आमचे भांडण नाही. परंतु देवाच्या दारी आलेला माणूस सर्वांत सहज फसतो, हे व्यापारी जाणतो. तेव्हा विश्वस्तांनीही ते जाणले पाहिजे. कोणत्याही देवस्थानाने आपल्या आवारात वा जत्रेत अशा जाहिरातीस जागा देऊ नये. त्या जागी एक फलक लावावा: तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसताच तत्काळ रुग्णालय गाठा, रक्तदाब तपासा, खर्रा सोडा. तेवढा फलक त्या दिवशी वाचलेला असता, तर आमचे ते वृद्ध स्नेही आज रामरक्षा मोठ्याने म्हणत असते.