मोडके क्रूस तसेच राहू द्या

इंग्लंडमधल्या अनेक खेड्यांत चर्चच्या आवारात दगडी पायऱ्यांचा चौथरा आणि त्यावर मोडका खांब दिसतो. हा मध्ययुगीन क्रूस. पाम संडेची मिरवणूक इथे थांबत असे.

१६४३ मध्ये पार्लमेंटने असे क्रूस हटवण्याचा हुकूम काढला. माथे उडाले, जोती उरली.

स्कॉटलंडमध्ये रुथवेलचा आठव्या शतकातला क्रूस १६४२ मध्येच फोडला गेला. एकोणिसाव्या शतकात तिथले पाद्री हेन्री डंकन यांनी तुकडे जुळवले, हरवलेल्या आडव्या भुजा मात्र नव्याने घडवल्या. १८८७ पासून तो चर्चच्या आत उभा आहे.

डंकन यांचे श्रेय मोठेच. तरीही इतर खुंटांवर नवे माथे चढवू नयेत. त्यांच्यावरचा घावही इतिहासच सांगतो. चौथरे जपावेत, शेजारी माहितीफलक लावावेत, एवढे पुरे.