मॉडेल फुकट आहे, पण पाय कोणाचे?

कल्याण-शीळ रोडवरून कॉलेज गाठणाऱ्यांना शीळफाटा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कंटेनर, रिक्षा, बाइक, मेट्रो-12 चं काम आणि त्यातून वाट काढणारे आपण. इथून जवळच, मुंब्र्याला, 9 जून 2025 रोजी वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला, काही जखमी झाले. त्याच दिवशी रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा केली. चांगलंच झालं. पण अशा अपघातातून जो वाचतो, तो पुन्हा कसा चालणार, हा प्रश्न बातमीत कितीदा येतो?

या प्रश्नावर काम करायला लागणारं एक साधन आज तुमच्या लॅपटॉपवर फुकट उतरवता येतं. नाव ओपनसिम. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने ते 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. यात हाडं, सांधे आणि स्नायूंचा संगणकी सांगाडा असतो. माणसाच्या चालण्याची नोंद त्यात टाकली की कोणत्या क्षणी कोणता सांधा किती वाकला, त्यावर किती जोर आला, कोणत्या स्नायूने किती काम केलं असावं, याचा हिशेब मिळतो. कृत्रिम पाय कसा असावा, शस्त्रक्रियेनंतर व्यायाम कोणता द्यावा, याचा अभ्यास करताना हा हिशेब उपयोगी पडतो.

गोम इथे आहे

ओपनसिममधलं शिकाऊंचं लाडकं मॉडेल आहे ‘गेट 2392’. त्याची मूळ उंची 1.8 मीटर, वजन सुमारे 75 किलो. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये धरलेलं प्रमाण वजन पुरुषासाठी 65 आणि स्त्रीसाठी 55 किलो आहे. मॉडेल मापाप्रमाणे लहान करता येतं, पण त्याने स्नायूंची ताकद आपोआप बदलत नाही. ती तुम्हाला ठरवावी लागते.

शिवाय हे मॉडेल मुळात चालण्यासाठी आहे. आपण मात्र उकिडवे बसतो, मांडी घालतो, गर्दीत उभ्या उभ्या तोल सांभाळतो. गुडघा पूर्ण दुमडणाऱ्या हालचालींसाठी संशोधकांना नंतर वेगळी मॉडेल्स करावी लागली. हाच धडा 1968 च्या सुमारास जयपूर फूटने दिला होता. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी असा पाय घडवला, की तो लावून अनवाणी चालता येईल, खाली बसता येईल. आधी इथल्या माणसाच्या सवयी पाहिल्या, मग पाय बनवला.

मग सुरुवात कुठून?

पहिल्याच दिवशी स्वतःचा डेटा गोळा करायला धावू नका. सॉफ्टवेअरसोबतचे सरावाचे धडे आणि तयार नोंदी घ्या. क्रम असा: मॉडेल मापाचं करा, मग हालचालीवरून सांध्यांचे कोन काढा, मग सांध्यांवरचा जोर, आणि शेवटी स्नायू. एक पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. स्क्रीनवर सांगाडा छान चालतोय म्हणजे उत्तर बरोबर आहे, असं अजिबात नाही. ते प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघावंच लागतं.

महागड्या कॅमेऱ्यांची लॅब नाही? ओपनकॅपमध्ये दोन आयफोनच्या व्हिडिओवरून हालचाल मोजता येते. संशोधनासाठी तेही मोफत आहे.

एकट्याने करू नका. इंजिनीअरिंगवाल्याला गणित जमतं, पण पेशंट कुठे लंगडतो हे फिजिओथेरपीवाल्याला दिसतं. दोघांनी एकत्र बसा. हाजी अलीची पुनर्वसन संस्था, आयआयटी मुंबईतलं ‘बेटिक’, पुण्याचं 1944 पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र, हे सगळं आपल्याच राज्यात आहे. खऱ्या पेशंटची नोंद घ्यायची असेल तर आधी नैतिकता समितीची परवानगी आणि त्या माणसाची संमती हवीच. आणि सिम्युलेशन म्हणजे उपचार नव्हे, ते डॉक्टरांचं काम.

प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? कृत्रिम पाय लावलेल्या माणसाला लोकलच्या दाराची पायरी चढताना कुठला स्नायू दमवतो, इतका छोटा प्रश्नही पुरेसा आहे. तो परदेशातली लॅब कशाला विचारेल? तिथे आपली लोकल नाही.