समूहाची लय आणि एकट्याचा हात

आषाढी एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिले असता असंख्य टाळ एका ठेक्यात वाजताना ऐकू येतात. हे टाळकरी एका गुरूचे शिष्य नव्हेत, एका गावचेही नव्हेत. तरी मृदंगाची थाप पडताच सर्वांचे हात एका क्षणी जुळतात. लय ही समूहात राहूनच अंगी मुरते, याचे याहून मोठे प्रमाण नको. आज गावोगावी मृदंगाच्या वर्गांत वीस-तीस मुले एकत्र बसतात, आणि ‘अशा घोळक्यात विद्या येते काय?’ असे जाणते लोक विचारतात. या प्रश्नाचा विचार आजच्या पर्वकाळी करणे उचित होय.

समूहाने शिकणे ही आजची टूम नव्हे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तात एकामागून एक ओरडणाऱ्या बेडकांना गुरूमागून म्हणणाऱ्या शिष्याची उपमा दिली आहे. वेदपाठशाळेतील संथा तशीच चालते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतविद्या घराण्याच्या उंबरठ्याबाहेर वर्गात आणली. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढून कीर्तन-प्रवचनाची दारे सामान्यांच्या मुलांस खुली केली. ज्याच्या घरी मृदंग नाही, त्या मुलास वर्गावाचून दुसरा आधार कोणता?

तथापि समूहाचा एक दोषही आहे. तीस मृदंगांच्या घोषात एक चुकीचा हात सहज लपतो. प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेला प्रमाद येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बावीस मुले मृदंग शिकत होती. उत्सवात त्यांनी मिळून वाजविले, लोकांनी वाखाणले, आम्हीही सुखावलो. पुढे एका भजनास मृदंगी आला नाही, म्हणून त्यांतील एकास साथीला बसविले. अभंगाच्या दुसऱ्याच चरणात त्याचा हात अडखळला, सम सापडेना. मान खाली घालून तो उठला, तो पुन्हा मृदंगाजवळ आला नाही. दोन वर्षे तो शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून वाजवीत होता, आणि त्याला एकट्याला आम्ही एकदाही ऐकले नव्हते. दोष त्या मुलाचा नव्हे, आमचा होता.

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. बोल सर्वांनी मिळून, हाताने टाळी धरून, मुखाने म्हणावयाचे. यास वाद्यही लागत नाही. ‘धा’ मात्र दोन्ही हात एकसमयी पडल्यावाचून उमटत नाही, आणि मनगट कोठे चुकते हे गुरूने जवळ बसूनच पाहावे लागते. म्हणून वाजविताना एकेकाने एक आवर्तन वाजवावे, इतरांनी टाळी धरावी. यात कोणाचाही वेळ फुकट जात नाही; ऐकणाराही शिकतो. डाव्या पुडीस कणीक लावणे आणि पावसाळी हवेने उतरलेला मृदंग सुरात मिळविणे, हेही प्रत्येकाने आपल्या हाताने करावे. तयार मृदंग हाती घेणाऱ्यास वाद्याचा स्वभाव कळत नाही.

आजपासून चातुर्मास आरंभतो. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी पारायणाचा नेम धरील. वाद्य शिकविणाऱ्यांनी एवढाच नेम धरावा, की कार्तिकीपर्यंत प्रत्येक पाठात प्रत्येक मुलास, निदान एक आवर्तन, एकट्याने वाजविताना ऐकेन. आईबापांनीही उत्सवातील टाळ्यांवर न भुलता मुलास घरी एकटे वाजवावयास सांगावे. दिंडीत टाळकरी पुष्कळ असतात, पण मृदंग गळ्यात घेणाऱ्यास आपला भार स्वतःच वाहावा लागतो. तो भार पेलणारा हात घडविणे, हेच समूहशिक्षणाचे सार्थक होय.