वरातीमागून सुनावणी

दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ साली झाला. स्पर्धात्मक निविदा नाही. लोकांना विचारणं तर दूरच. २००१ मध्ये ती महागडी वीज घेणं वीज मंडळानेच थांबवलं. भुर्दंड राहिला जनतेच्या माथी.

आता नियामक आयोग आहे. वीजदर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेण्याचं बंधन २००३च्या वीज कायद्याने त्याच्यावर घातलंय. पण दरांच्या सुनावणीत ग्राहक उभा राहतो, तोवर वीजखरेदीचे मोठे करार पंचवीस-पंचवीस वर्षांसाठी झालेले असतात. मग हरकत घ्यायची कशावर? शाई वाळलेल्या सहीवर?

सुनावणी हवी ती सहीच्या आधी, आणि कागद मराठीत. बिल आम्ही भरायचं, तर करारही आधी आम्हालाच दाखवा.