क्लोनिंग : प्रत हुबेहूब, पण किंमत कोणाच्या माथी?

श्रीगोंदा, प्रतिनिधी : हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ रोजी गीर जातीच्या गायीचे देशातील पहिले क्लोन वासरू जन्माला आले. 'गंगा' असे नाव मिळालेल्या या कालवडीचे जन्मतः वजन ३२ किलो होते. देशी गोवंशाच्या संवर्धनाच्या दिशेने पडलेले हे मोठे पाऊल असल्याचे सांगण्यात आले. ऊस आणि दूध या दोन पायांवर अर्थकारण उभ्या असलेल्या श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात या प्रयोगाविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या तंत्राचे वैज्ञानिक मोल नेमके किती आणि त्याची किंमत कोण मोजतो, या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच करावा लागतो.

शिवारातले क्लोन

क्लोन हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनीच आहे. घोड आणि कुकडीच्या कालव्यांवर वाढणारा ऊस बियांपासून नव्हे, तर बेण्याच्या कांड्यांपासून लावला जातो. त्यामुळे 'को ८६०३२' या वाणाचे प्रत्येक बेट आनुवंशिकदृष्ट्या एकाच मूळ रोपाची प्रत असते. डाळिंबाची गुटी हाही तोच प्रकार. तालुक्याची ओळख असलेल्या कागदी लिंबाच्या बीमध्ये तर एकाहून अधिक अंकुर असतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्या ऊतीपासूनच तयार झालेले असतात. निसर्गाने वनस्पतींना दिलेली ही मुभा सस्तन प्राण्यांना मात्र जवळपास दिलेली नाही. एका बीजांडातून जन्मणारी जुळी एवढाच काय तो अपवाद. म्हणूनच प्राण्यांच्या बाबतीत हे काम प्रयोगशाळेत करावे लागते.

'गंगा'च्या जन्मासाठी गीर गायीच्या शरीरातील पेशी घेण्यात आल्या. साहिवाल गायीचे बीजांड काढून त्यातील केंद्रक वगळण्यात आले. दोहोंचा संयोग करून सात-आठ दिवस वाढवलेला भ्रूण तिसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडण्यात आला. या पद्धतीत केंद्रक एका गायीचे असले तरी पेशीतील ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकाँड्रियाची, जनुके प्रामुख्याने बीजांड देणाऱ्या गायीकडून येतात. थोडक्यात, 'हुबेहूब' हा शब्दही जपूनच वापरायला हवा.

लाभ खरा, पण मर्यादित

स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेल्या 'डॉली' या मेंढीने एक मूलभूत गोष्ट सिद्ध केली. प्रौढ सस्तन प्राण्याच्या शरीरातील पेशीचे घड्याळ उलटे फिरवून तिच्यापासून संपूर्ण जीव घडवता येतो, ही ती गोष्ट. पुढे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये बीजांड न वापरताच उंदराच्या साध्या पेशींना मूळपेशींचे रूप दिले आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह ते नोबेलचे मानकरी ठरले. क्लोनिंगच्या संशोधनाची सर्वांत मोठी कमाई ही ज्ञानाचीच आहे.

पशुपालनातील उपयोग वळू-रेड्यांपुरता अधिक सयुक्तिक ठरतो. हिसार येथील केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत ११ डिसेंबर २०१५ रोजी 'हिसार गौरव' हा क्लोन रेडा जन्मला. उत्तम रेड्याची प्रत मिळाली की तिच्या गोठवलेल्या वीर्यमात्रांतून हजारो म्हशी भरवता येतात. गोठ्यातील एकेका दुभत्या गायीची प्रत काढणे मात्र परवडणारे नाही. शिवाय दूध केवळ जनुकांवर ठरत नाही. हिरवा चारा, पाणी, उन्हाचा ताण, गोचीड आणि कासदाह यांचा वाटा त्यात मोठा असतो. उन्हाळ्यात उसाच्या वाढ्यांवर गुजराण करणाऱ्या गोठ्यात क्लोन कालवड आणून बांधली तरी दूध वाढेलच असे नाही.

अपयशाची मोजदाद

डॉलीच्या जन्मामागे २७७ पुनर्रचित बीजांडे होती. त्यांतून जगले ते एकच कोकरू. कर्नालमध्ये ६ फेब्रुवारी २००९ रोजी जन्मलेले म्हशीचे पहिले क्लोन रेडकू काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जून महिन्यात जन्मलेली 'गरिमा' सुमारे दोन वर्षे जगली. दुसरीकडे, २०१० मध्ये जन्मलेल्या 'गरिमा-२'ने २०१३ मध्ये 'महिमा' या निरोगी पारडीला जन्म दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये गाय, डुक्कर व शेळी यांच्या क्लोनचे दूध-मांस खाण्यास सुरक्षित ठरवले. त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने क्लोन जनावरांपैकी लक्षणीय संख्येचे आरोग्य बिघडते, याकडे लक्ष वेधले. म्हणजे खाणारा सुरक्षित असला तरी गर्भ वाहणारी गाय आणि जन्मणारे वासरू यांच्या यातनांचा हिशेब उरतोच.

दुसरा धोका एकसारखेपणाचा आहे. उत्तर प्रदेशात 'को ०२३८' या उसाच्या एकाच वाणाने बहुतांश क्षेत्र व्यापले आणि लाल कूज रोगाने त्याची दाणादाण उडाली. रोगट गुटीबरोबर तेल्या बागेत कसा शिरतो, हे डाळिंब उत्पादकांना वेगळे सांगायला नको. मोजक्या वळूंच्या प्रती देशभर पसरल्या तर गोवंशाचे वैविध्य असेच आक्रसेल.

माणसाच्या बाबतीत रेषा अधिक ठळक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २००५ मध्ये सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरोधात जाहीरनामा संमत केला. उपचारांसाठीच्या संशोधनाचा मार्ग बंद होऊ नये म्हणून भारताने विरोधी मत दिले. मात्र क्लोन मूल जन्माला घालण्यास भारताचाही विरोधच असून २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते निषिद्ध ठरवले आहे. तरीही मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांचे मानवी क्लोन भ्रूणांवरील शोधनिबंध बनावट निघाले आणि जानेवारी २००६ मध्ये मागे घेण्यात आले. प्रयोगशाळेतील कनिष्ठ महिला संशोधकांचीही बीजांडे त्यासाठी वापरली गेल्याचे उघड झाले. सत्ता आणि प्रसिद्धीच्या दडपणाखाली 'संमती' किती पोकळ ठरते, याचा हा धडा होता.

संशोधन थांबवणे हा यावरचा उपाय नाही. जन्मलेल्या वासराबरोबर गमावलेल्या भ्रूणांची व गर्भांची संख्याही जाहीर व्हावी, क्लोन वळूच्या वीर्यमात्रेवर तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि स्थानिक जातींचे वैविध्य राखण्याचे बंधन त्याच योजनेत असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. श्रीगोंद्याच्या दूध उत्पादकापर्यंत हे तंत्र पोहोचेल ते बहुधा कृत्रिम रेतनाच्या नळकांडीतूनच. त्या नळकांडीत काय आहे, हे जाणून घेण्याचा त्याचा हक्क आधी मान्य व्हायला हवा.